शेवंतामावशीचं वाक्य

माझा आवाज मोठा आहे, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते थिएटरातल्या सरांनी. त्याआधी मला त्याचा पत्ताच नव्हता, कारण आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज तेवढा होता. कसबा बावड्यात समाजमंदिराच्या मागच्या बोळात आमचं घर. हंगाम सुरू झाला की कारखान्याचा भोंगा, उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर, शेजारच्या घरातला टेप, आणि त्या सगळ्याच्या वरून आईची हाक. आप्पा कारखान्यात फिटर. दिवसभर मशिनीजवळ उभे राहून राहून ते घरी आले तरी मशिनीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायचे. जयंतीच्या महिन्यात समाजमंदिरात जलसा व्हायचा, त्यात आप्पा ढोलकीला असायचे, आणि गाणाऱ्याला कुणी माईक आणून दिला तर तो माईक बाजूला सारून गायचा. बाहेरचं माणूस आमच्या गल्लीत आलं की त्याला दोन गोष्टी आधी जाणवायच्या, मळीचा वास आणि आमचे आवाज. आम्हाला दोन्हीपैकी काहीच जाणवायचं नाही.

आई शहरातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. तिचं नाव शेवंता, पण दवाखान्यात डॉक्टरीणबाईंपासून बाळंतिणीच्या सासूपर्यंत सगळ्यांची ती शेवंतामावशी. ड्युटीवरून आली की हातपाय धुवायची, निळ्या काठाची पांढरी साडी बदलायची आणि चुलीपुढं बसायची. गॅस आला होता घरात, पण भाकरी चुलीवरच. भाकरी थापता थापता ती त्या दिवशीची सगळी बाळंतपणं सांगायची. कोण किती ओरडली, कुणाच्या नवऱ्याला घेरी आली, कुणाच्या सासूनं तिसरी मुलगी झाली म्हणून तोंड फिरवलं. खरड्याचा ठसका, सुक्कट भाजल्याचा वास, आणि तिची ती थापटण्याच्या तालावरची गोष्ट. मी शेजारी पाटावर बसून पहिली भाकरी खात असायची. एवढ्या वर्षांत मी बरीच नाटकं बघितली, पण तशी गोष्ट सांगणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

त्या गोष्टींत एक गोष्ट परत परत यायची. जन्मलेलं बाळ कधीकधी रडतच नाही. डॉक्टरीणबाई त्याला उलटं धरतात, नळी घालतात, पाठ चोळतात, आणि खोलीत सगळे गप्प होतात. तेव्हा आई हातात गरम पाण्याचं भांडं घेऊन उभी असायची आणि बाळाकडं बघून हळू म्हणायची, ‘रड की गं बाई, रड. गप बसून कुणाचं भलं झालंय?’ मुलगा असो की मुलगी, वाक्य तेच, ‘गं बाई’च. पुढं पुढं डॉक्टरीणबाईच म्हणायला लागल्या, मावशी, म्हणा तुमचं. आणि बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्या बायका हसायच्या. हे सांगताना आईचा हात भाकरीवर थांबायचा. तो का थांबतो, हे मी तिला कधी विचारलं नाही.

थिएटरात मी गेले ती शाळेतल्या बाईंमुळं. मी नववीत होते, वक्तृत्वात ढाल मिळवली होती. बाईंनी आप्पांना बोलावून सांगितलं की पोरीला शनिवार-रविवारच्या नाट्यवर्गाला घाला, आवाज चांगला आहे. आप्पा जलशातले, त्यांना काय, ते एका पायावर तयार. त्यांनीच मला पहिल्या दिवशी सायकलवर डबल सीट नेलं. थिएटरात दुपारी कुणी नसायचं. ओळीनं मिटलेल्या खुर्च्या, पडद्याला धुळीचा आणि कापराचा वास, रंगमंचाच्या फळ्या पायाखाली किंचित कुरकुरणाऱ्या. चपला विंगेत काढायच्या, फळ्यांना हात लावून तो कपाळाला लावायचा, मग वर जायचं. मला ते फार आवडलं. मधोमध उभी राहून मी नुसतं ‘ओ’ म्हणाले तर तो ‘ओ’ शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. तिथंच मी त्या जागेच्या प्रेमात पडले, हे मला आज राग आलेला असतानाही कबूल केलं पाहिजे.

सरांचं नाव मी लिहिणार नाही. ते गेले, आणि त्यांची माणसं याच गावात आहेत. दिसायला देखणे, बोलायला गोड, झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग विचारलं, बावड्यात कुठं राहतेस? मी म्हणाले, समाजमंदिराच्या मागं. ‘अच्छा, अच्छा,’ सर म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला तेव्हा वाटलं, पत्ता लिहून घेतला. आता वाटतं, खरंच पत्ता लिहून घेतला. वाईट बोलले का ते काही? कधीच नाही. ह्या माणसांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आपल्यालाही चार देता आल्या असत्या. गोड बोलणाऱ्याशी भांडायला माणसाला पन्नाशी गाठावी लागते.

पहिलं वर्ष माझी जीभ घासण्यात गेलं. आमच्याकडं बाई असो की बाप्या, मी आलो, मी जेवलो, मी जातो असंच म्हणतात. मी वर्गात शिरताना म्हणायची, ‘सर, मी आलो.’ सर कपाळाला हात लावायचे आणि विचारायचे, मुलगी आहेस ना तू? वर्ग हसायचा. हाय नाही, आहे. न्हाय नाही, नाही. व्हय नाही, हो. मृणाल नावाची एक मुलगी होती, वर्गातली सगळ्यांत शुद्ध बोलणारी, स्वभावानं बरी, तिला सरांनी माझ्या शेजारी बसवलं होतं आणि मी चुकले की तिनं चुटकी वाजवायची. मी जिद्दीची. सहा महिन्यांत चुटकी बंद पाडली. पण तेवढ्यावर थांबले असते तर बरं. मी घरी येऊन आईला शिकवायला लागले. चुलीपुढं बसून आई काही सांगत असली की मी मध्येच म्हणायची, न्हाय नव्हे गं, नाही म्हण. ती हसून म्हणायची, ‘बरं बया, नाही,’ आणि पुढं सांगायची. एकदा आप्पांनी हातातला तांब्या खाली आपटला आणि मला विचारलं की आईला बोलायला शिकवायला पाठवलंय काय तुला तिथं? मी रुसून जेवले नाही. आईनंच रात्रीची भाकरी दुधात कुस्करून दिली.

दुसऱ्या वर्षी सरांनी निरीक्षण वही काढायला लावली. नटानं माणसं बघायची असतात, म्हणाले. घरातलं एक माणूस निवडा, ते कसं चालतं, कसं बसतं, कोणते शब्द परत परत वापरतं, सगळं लिहा. मृणालनं तिच्या आजोबांवर लिहिलं. मी आईवर. दोनशे पानी वही जवळजवळ भरवली. पदराचं टोक दातात धरून केस बांधते. बोलायला सुरुवात करताना ‘आता बघ’ म्हणते. राग आला की ‘मरू दे तिकडं’ म्हणते, आणि मरू देत नाही. चालताना डावा पाय जरा ओढते. आणि रड की गं बाई, तेही लिहिलं. चुलीपुढं बसून लिहायची मी, आणि आई मध्येच विचारायची, काय लिवालीस एवढं? मी म्हणायची, तुझ्यावर लिहितेय. ती लाजायची, पदर सारखा करायची, जसा काही फोटोच काढणार आहे. ‘माझ्यात काय हाय लिवण्यासारखं,’ म्हणायची आणि मग मुद्दाम मोठ्यानं काहीतरी सांगायला लागायची, म्हणजे मला लिहिता यावं.

सरांनी ती वही वाचली आणि वर्गात डोक्यावर धरून नाचवली. म्हणाले, याला म्हणतात निरीक्षण. मी दोन दिवस जमिनीवर नव्हते. महिन्याभरात त्यांनी नवं नाटक लिहून आणलं, ‘मॅडम, मोलकरीण आणि मिक्सर’. शहरातली मॅडम, तिच्या घरी भांडी घासायला येणारी गावठी सखूबाई, आणि दोघींच्या गोंधळातून होणारा तासाभराचा हशा. मॅडम मृणाल. सखूबाई मी. मी विचारलं, मी का? तर सर म्हणाले, तुला ते नैसर्गिक येईल. सखूबाई पदराचं टोक दातात धरून केस बांधायची. डावा पाय ओढायची, फक्त जरा जास्त. प्रत्येक वाक्याआधी ‘आता बघा’ म्हणायची. हाय, न्हाय, व्हय, मी आलो, मी जातो, सगळं होतं. वर्षभर माझ्या जिभेवरून जे खरवडून काढलं ते सरांनी परत माझ्या हातात दिलं, आणि म्हणाले, अजून जाड कर. आणि नाटकाचा कळस काय, तर मॅडमचा मिक्सर बंद पडतो आणि सखूबाई त्याला उलटा धरून, थोपटून म्हणते, रड की गं बाई, रड. गप बसून कुणाचं भलं झालंय? कागदावर लेखक म्हणून सरांचं नाव.

आप्पांना मी भूमिका सांगितली तेव्हा ते ढोलकीची शाई बघत बसले होते. वर न बघता त्यांनी विचारलं, ‘नाटकात पण भांडीच घासायची व्हय आपण?’ मला त्यांचा राग आला. मी त्यांना सांगितलं की ही मुख्य भूमिका आहे आणि कलेत लहान-मोठं काही नसतं. हे वाक्यही सरांचंच. आई मध्ये पडली. तिनं आप्पांना झापलं, की पोरगी एवढ्या मोठ्या थिटरात पुढं उभी राहणार आणि तुमचं काय निराळंच. आणि मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, ‘माझ्यावरनं लिवलंय न्हवं?’ मी म्हणाले, होय, सगळं तुझ्यावरून आहे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आणि संध्याकाळी सगळ्या बोळात झालं की शेवंतावर नाटक बसीवलंय. माझी आई कधी कुणापुढं मिरवणारी नव्हती. त्या दोन महिन्यांत ती मिरवली. मी तिला मिक्सरचं सांगितलं नाही. तिनं नाटक कशावर आहे विचारलं तर मी म्हणायची, येऊन बघ.

पहिला प्रयोग एका महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला झाला, दुसरा कुठल्याशा बँकेच्या स्नेहसंमेलनात. दोन्ही वेळा आईची ड्युटी होती. आणि आता मी जे लिहिते आहे ते लिहायला मला वेळ लागला. मला ते हसणं आवडलं. पहिल्याच ‘मी आलो’ला समोरचा अंधार फुटला, माणसं मांड्यांवर थापा मारून हसली, आणि त्या हसण्याची मला चटक लागली. दुसऱ्या प्रयोगाला मी पाय आणखी ओढला. मिक्सर थोपटताना मी डोळे मोठे केले, तोंड वाकडं केलं, आणि टाळ्या पडल्या. सरांनी मला ते करायला सांगितलं नव्हतं. सरांवर मी आयुष्यभर चिडले, पण ते तोंड मी माझं मी वाकडं केलं होतं. लोक म्हणतात, सुनंदाबाई, तुमचा राग जरा जास्तच आहे. त्यातला निम्मा माझ्या वाट्याचा आहे, तो कुणाला दिसत नाही.

तिसरा प्रयोग नाट्यवर्गाच्या वर्धापनदिनाला, रविवारी दुपारी चारला. पालकांना आमंत्रण. आई एकटी येईल असं मला वाटलं होतं. ती टेंपो करून सगळी गल्ली घेऊन आली. कारखान्याला सुट्टी नव्हती म्हणून आप्पा नाहीत, पण बायका झाडून सगळ्या. डोक्याला तेल, कपाटातली साडी, पिशवीत भडंग. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या आणि वर्गातल्या बाकीच्या पालकांच्या, त्यामुळं त्यांना मागं बसवलं होतं. मी विंगेतून बघितलं. आई मधल्या खुर्चीवर ताठ बसली होती, दवाखान्याची साडी नव्हे, लग्नाकार्याची हिरवी नेसून. शेजारणीला रंगमंचाकडं बोट करून काहीतरी दाखवत होती.

पडदा उघडला. मी डावा पाय ओढत आले आणि म्हणाले, ‘मॅडम, मी आलो.’ पुढच्या रांगा फुटल्या. मागच्या रांगा गप्प. हे मला अजून दिसतं. आमच्या बोळातल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत होत्या, पुढचे का हसले म्हणून. सखूबाई आली आणि म्हणाली मी आलो, यात हसण्यासारखं काय झालं ते त्यांना कळेना. पुन्हा ‘न्हाय’ला हशा, पुन्हा त्या बघतायत. एक म्हातारी तर खुर्चीतून अर्धी उठून रंगमंचावर काय पडलं ते बघत होती. हळूहळू त्यांना कळत गेलं. पहिल्या प्रवेशाच्या शेवटी त्यांनी भडंगाची पुडी सोडली होती ती परत बांधून ठेवली. मी पदराचं टोक दातात धरून केस बांधले, टाळ्या पडल्या, आणि मागं आई दिसली. तिचा हात डोक्याकडं गेला होता, केसांवर. तो तिथंच राहिला.

मिक्सरचा प्रसंग आला. मृणालनं बटण दाबलं, मिक्सर बंद. मी तो उचलला, उलटा धरला, हात वर केला, आणि वाक्य बाहेर येईना. विसरले नव्हते. जन्मात विसरणार नाही ते वाक्य. पण समोर ती बसली होती, आणि माझ्या हातात मिक्सर होता. विंगेतून सर दबक्या आवाजात वाक्य देत होते. मृणालनं बिचारीनं आपलं वाक्य परत म्हटलं. सगळं थिएटर थांबलेलं. मी नुसती हात वर करून उभी.

आणि मागून आवाज आला. माईकशिवाय, शेवटच्या रांगेतून सरळ रंगमंचापर्यंत.

‘बोल की गं बाई, बोल. गप बसून कुणाचं भलं झालंय?’

तिला वाटलं होतं पोरगी अडली. बस, एवढंच. तासभर तिनं स्वतःची नक्कल बघितली होती, लोक कशाला हसतायत ते तिला पुरतं कळलं होतं, आणि तरी पोरगी अडल्याबरोबर ती खुर्चीतून उठली, आणि असल्या वेळी तिच्या तोंडून जे येतं तेच आलं. सगळं थिएटर मान वळवून बघायला लागलं. आणि हसलं. असं हसलं की त्याआधीचं हसणं काहीच नव्हतं. त्यांना वाटलं, सरांनीच प्रेक्षकांत बाई बसवली आहे. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. आई त्या हशाच्या मधोमध हिरव्या साडीत उभी, आणि तिच्या तोंडावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग ती खाली बसली.

मी काय केलं? मी मिक्सर खाली ठेवून खाली उतरायला हवं होतं. एवढ्या वर्षांत मी हजार वेळा खाली उतरले आहे, भांडी घासताना, बसमध्ये, झोप येत नसताना. पण त्या दिवशी मी नाटक पुरं केलं. हशा ओसरला तसा मिक्सर थोपटला, ते वाक्य म्हणाले, तोंड वाकडं केलं आणि टाळ्या घेतल्या.

प्रयोगानंतर सर विंगेत थांबलेच नाहीत, थेट आईकडं गेले. मी मागून पळत. बायका पॅसेजमध्ये चपला शोधत होत्या. सरांनी आईला हात जोडले आणि म्हणाले, ‘वा मावशी, काय अचूक जागा पकडलीत! गडहिंग्लजला स्पर्धा आहे, तिथंही अशाच शेवटच्या रांगेत बसा. बक्षीस आपलंच.’ माझी आई मोठ्यानं बोलणारी, भांडणात गल्लीला ऐकू जाणारी. त्या दिवशी ती इतकं हळू बोलली की सरांना वाकावं लागलं.

‘मास्तर, ते बाळ रडलं का न्हाय, ते तुम्ही इचारलंच न्हाईसा.’

सर म्हणाले, कुठलं बाळ? आई टेंपोकडं चालायला लागली. तिचा डावा पाय त्या दिवशी अजिबात ओढत नव्हता. ती मुद्दाम सरळ टाकत होती. ते बघून मला जे झालं ते मी लिहू शकत नाही, आणि टेंपोत तिच्या शेजारची जागा रिकामी असून मी मागं उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी थिएटरात गेले. सर ऑफिसात चहा पीत होते. मी सांगितलं की सर, ते मिक्सरचं वाक्य काढा. ते म्हणाले, अगं त्या वाक्यावर तर नाटक उभं आहे. मी म्हणाले, मग माझी वही द्या. ते म्हणाले, वही वर्गाच्या कामाची आहे, वर्गाची झाली ती. मी म्हणाले, मग मी सखूबाई करणार नाही. त्यांनी कप ठेवला, आणि अगदी मायेनं, लेकीला समजावल्यासारखं म्हणाले, ‘तुझी मर्जी. मृणाल करेल. भाषा काय गं, शिकवता येते.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मी ‘बरं सर’ म्हणून बाहेर आले. गडहिंग्लजला मृणालनंच सखूबाई केली. माझ्या वहीवरून पाठ केलेलं ‘मी आलो’ म्हणत. नाटकाला बक्षीस मिळालं. ज्या पोरीच्या तोंडचं ‘मी आलो’ चुटकी वाजवून घालवलं, तिच्याच आईचं ‘मी आलो’ त्यांनी ढाल करून कपाटात ठेवलं. आज पस्तीस वर्षं झाली, मला याचा राग येतो, आणि तो कमी झाला असं कुणाला वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही.

त्या दिवशी थिएटरातून घरी आले तेव्हा आई ड्युटीवरून येऊन चुलीपुढं बसली होती. भाकरी थापत होती, पण काही सांगत नव्हती. नुसता थापटण्याचा आवाज. मी पाटावर बसले. वर्ग सोडल्याचं सांगितलं. ती हं म्हणाली. पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली, वर खरडा, आणि दुसरा गोळा हातात घेतला. मी खाली बघून विचारलं, ‘आई, ते बाळ रडलं व्हतं का?’ व्हतं. रंगमंचाबाहेर माझ्या तोंडून वर्षभरानं आलेला तो शब्द मी परत गिळला नाही.

‘कुठलं?’ तिनं विचारलं.

‘पहिलं. पहिल्यांदा म्हणालीस ते.’

तिचा हात भाकरीवर थांबला, नेहमी थांबायचा तसाच. मग तिनं सांगितलं. हाच बोळ, हेच घर, मधली खोली. सुईण वेळेवर आली नाही. पोर झाली ती निळी आणि गप्प. सासूनं तोंड फिरवलं, म्हणाली, राहू दे, पोरगीच हाय. आईला उठता येत नव्हतं. तिनं पडल्या पडल्या पोरीचा पाय ओढून घेतला आणि तळव्यावर चापट्या मारत राहिली, आणि तोंडाला आलं ते म्हणत राहिली. दवाखान्यात आयेचं काम तिनं पुढं त्याचसाठी धरलं.

‘मग?’ मी विचारलं, उगाच. मला कळलं होतं.

‘मग काय. रडलीस की. गल्ली गोळा झाली एवढं रडलीस.’ तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘आन काल गप बसलीस.’

त्यात शिव्या नव्हत्या, रडणं नव्हतं. भाकरी उलटताना सांगावं तसं सांगितलं तिनं, आणि तो विषय आमच्या घरात परत कधी निघाला नाही. आई जाऊन आता सात वर्षं झाली. त्याच थिएटरात, त्याच फळ्यांवर, मी दर रविवारी पोरांचा वर्ग घेते. एखादी कागलची, कोडोलीची पोरगी दारातून म्हणते, बाई, मी आलो, आणि एखादं पोर हसतं. त्या हसणाऱ्याला मी उभं करते आणि विचारते, कशाला हसलास ते सगळ्यांना सांग. सांगता येत नाही कुणाला. पालक माझी तक्रार करतात. कमिटीतले लोक समजावतात, बाई, एवढ्याशा गोष्टीला एवढा आवाज? फार तापट आहात तुम्ही.

हाय. हाय मी तापट.